भूसंपादन आणि वाजवी मोबदला : गावदप्तरापासून निवाड्यापर्यंत

धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि आसपासच्या गावांत १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्या काळात मराठवाड्यात जागोजागी दुष्काळी कामे निघाली. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नाल्यांवर बांध पडले. हाताला काम आणि घरात धान्य ही निकडच एवढी मोठी होती की, नवा रस्ता कोणाच्या शेतातून आणि किती गुंठ्यांवरून जातो, हे कागदावर उतरवून घेण्याचे भान पुष्कळ ठिकाणी कोणालाच राहिले नाही. ज्याची जमीन रस्त्याखाली गेली तो शेतकरीही अनेकदा त्याच रस्त्यावर खडी फोडीत होता.

या न लिहिलेल्या नोंदींचा हिशेब पुढे न्यायालयात मांडला गेला. १९७१-७२ च्या टंचाई निवारणाच्या कामांत आपली जमीन संमतीवाचून व मोबदल्यावाचून गेली, अशी तक्रार घेऊन मराठवाड्यातील अनेक शेतकरी सुमारे वीस वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले. उच्च न्यायालयाने मोबदला देण्याचे आदेश दिले. शासनाने त्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि १९९५ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध दिगंबर’ या प्रकरणात ते आदेश रद्द झाले. इतका दीर्घ विलंब का झाला याचे समाधानकारक कारण न देता जो येतो, त्याला रिट अर्जाच्या विशेष अधिकारातून दाद मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जमीन गेली होती की नाही, हा प्रश्न मागे पडला. वेळेवर मागितले होते की नाही, हा प्रश्न पुढे आला.

पुढील काळात न्यायालयांची दृष्टी काहीशी उदार झाली, हेही नोंदविले पाहिजे. ठाणे तालुक्यातील शिरवणे येथील जमिनीसंबंधी १९६४ मध्ये अधिसूचना निघाली, जमीन औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, परंतु निवाडा कधीच झाला नाही. त्या अशिक्षित जमीनमालकांच्या वारसांना केवळ विलंबाच्या कारणावरून परत पाठविता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. हिमाचल प्रदेशातील एका वृद्ध विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी गेली होती. तिला २०२० मध्ये न्याय मिळाला. शासनाने आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जाचा हक्क सांगावा, हे न्यायालयाने त्या वेळी अमान्य केले. घटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला असला, तरी अनुच्छेद ३००-क नुसार कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, हा या निर्णयाचा पाया होता. मात्र पन्नास वर्षे थांबून दिल्लीपर्यंत जाणे हा मोबदला मिळविण्याचा मार्ग होऊ शकत नाही. खरा मार्ग गावातच, पहिल्या नोटिशीच्या दिवशी सुरू होतो.

कायदा कोणता, हा पहिला प्रश्न

बेंबळीचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे भूसंपादनासाठी १३०९ फसलीचा स्वतंत्र कायदा होता. ब्रिटिश मुलखातील १८९४ चा भूसंपादन कायदा मराठवाड्याला राज्याच्या १९६४ च्या विस्तार व दुरुस्ती अधिनियमाने लागू झाला. या कायद्यात बाजारभावावर द्यावयाची दिलासा रक्कम पंधरा टक्के होती. १९८४ च्या दुरुस्तीने ती तीस टक्के झाली. सार्वजनिक प्रयोजन कोणते हे शासनाने ठरवावे आणि मालकाने फक्त रकमेविषयी बोलावे, अशी त्या कायद्याची सर्वसाधारण वृत्ती होती. पुनर्वसनाचा विचार त्यात जवळजवळ नव्हता. ती उणीव महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा वेगळा कायदा करून काही अंशी भरून काढली.

१ जानेवारी २०१४ पासून १८९४ च्या कायद्याची जागा ‘भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना वाजवी भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, २०१३’ याने घेतली. नाव लांबलचक आहे. परंतु ‘वाजवी भरपाई मिळण्याचा हक्क’ हे शब्द त्यात आहेत, हे महत्त्वाचे. तथापि प्रत्येक संपादन याच कायद्याखाली होते असे नाही. धाराशिव जिल्ह्यातून सोलापूर–छत्रपती संभाजीनगर राष्ट्रीय महामार्ग जातो. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गासाठी जमिनी घेण्यात आल्या. कौडगावला औद्योगिक क्षेत्र आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा, रेल्वेच्या विशेष प्रकल्पांसाठी १९८९ चा आणि औद्योगिक वसाहतींसाठी राज्याचा १९६१ चा अधिनियम आहे. हरकतीची मुदत, दाद मागण्याचे ठिकाण आणि अधिकारी हे कायद्यागणिक बदलतात. २०१३ च्या अधिनियमात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी साठ दिवस मिळतात. महामार्ग कायद्यात एकवीसच. रकमेविषयी वाद असल्यास २०१३ च्या अधिनियमाखाली प्राधिकरणाकडे जावे लागते. महामार्गाच्या बाबतीत केंद्र शासनाने नेमलेल्या लवादाकडे. म्हणून नोटीस हाती आल्यावर तिच्या डोक्यावर कोणत्या अधिनियमाचे व कलमाचे नाव आहे, हे आधी वाचावे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेत कोणी नोटीस वाचून घेण्यासाठी आला, तर त्याला रक्कम सांगण्यापूर्वी एवढे जरूर सांगावे.

महामार्गांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्या कायद्यात दिलासा रक्कम व व्याज देय नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. भरपाई ठरविण्याच्या २०१३ च्या अधिनियमातील तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून या संपादनांनाही लागू झाल्या, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी भेदभावाची तरतूद घटनाबाह्य ठरविली. जमीन रस्त्यासाठी गेली की धरणासाठी, यावरून मालकाच्या नुकसानीचे मोल बदलू नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

एक रुपयाचे चार रुपये

मोबदल्याची रीत समजून घेतल्यास गावदप्तरातील एकेका नोंदीला किती वजन आहे, हे ध्यानात येते. २०१३ च्या अधिनियमातील कलम २६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी तीन आकडे पाहावयाचे असतात : मुद्रांक शुल्कासाठी ठरविलेला त्या क्षेत्राचा दर, जवळच्या गावातील किंवा परिसरातील तशाच जमिनीच्या विक्रीची सरासरी किंमत, आणि काही प्रकारच्या प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम. यांपैकी जो आकडा अधिक तो बाजारभाव. विक्रीची सरासरी काढताना मागील तीन वर्षांची नोंदणीकृत खरेदीखते घेतात आणि त्यांतील अधिक किमतीच्या निम्म्या खतांचीच सरासरी धरतात. ही तरतूद शेतकऱ्याच्या हिताची आहे. परंतु मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात कमी रक्कम लिहिण्याची सवय गावोगाव रुजलेली असल्याने तिचा लाभ पुष्कळदा मिळत नाही. खत लिहिताना वाचविलेले चार पैसे पुढे सगळ्या शिवाराला भोवतात, आणि त्याचा दोष मात्र भूसंपादन कार्यालयाला दिला जातो.

या बाजारभावाला ग्रामीण भागासाठी राज्याने ठरविलेल्या गुणांकाने गुणतात. हा गुणांक १ ते २ या मर्यादेत असतो. तो प्रकल्पाच्या प्रकारानुसार बदलू शकतो. म्हणून संबंधित संपादनाला लागू असलेली अधिसूचना पाहून घ्यावी. गुणलेल्या रकमेत विहीर, झाडे, घर, जलवाहिनी अशा जमिनीशी जोडलेल्या मालमत्तेचे मूल्य मिळवितात. या बेरजेइतकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून दिली जाते. याखेरीज मूळ बाजारभावावर वार्षिक बारा टक्के अतिरिक्त रक्कम असते.

समजा, बेंबळीच्या शिवारात एका खातेदाराची ४० आर, म्हणजे साधारण एक एकर जमीन जावयाची आहे. गुणांक २ आहे असे धरू. जिरायतीचा दर एकरी ६ लाख आणि बागायतीचा ९ लाख, हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. जमिनीत विहीर आहे, जलवाहिनी आहे, बांधावर आंब्याची झाडे आहेत. त्यांचे मूल्य २ लाख. खातेदार बारमाही पाण्यावर पिके घेतो. पण सातबारावर जमीन जिरायत, विहिरीची नोंद नाही आणि पंचनाम्यात झाडे सुटली. त्याचा हिशेब असा : ६ लाख गुणिले २, म्हणजे १२ लाख, दिलासा १२ लाख, एकूण २४ लाख. नोंदी बरोबर असत्या तर : ९ लाख गुणिले २, म्हणजे १८ लाख, त्यात मालमत्तेचे २ लाख, दिलासा २० लाख, एकूण ४० लाख. बारा टक्क्यांची रक्कम दीड वर्षाची धरली तर पहिल्या हिशेबात १ लाख ८ हजार आणि दुसऱ्यात १ लाख ६२ हजार वाढतात. फरक १६ लाख ५४ हजारांचा पडतो. जमीन तीच, विहीर तीच, कायदाही तोच.

दरातील एका रुपयाची चूक येथे चार रुपयांची होते, विहिरीच्या मूल्यातील एका रुपयाची दोन रुपयांची. जुन्या कायद्यात दिलासा तीस टक्के असताना नोंदीची चूक इतकी महाग नव्हती. नव्या कायद्याने मोबदला वाढविला, तसे तलाठी दप्तराचे आणि पीकपाहणीचे महत्त्वही वाढविले, ही गोष्ट अद्याप पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवावयाचे असते. अनेकांना ते विम्यापुरते किंवा अनुदानापुरते काम वाटते. संपादनाच्या वेळी जमिनीचा प्रकार ठरविताना हीच नोंद पुरावा म्हणून पुढे येते.

अधिसूचनेनंतरचे दोन महिने

कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन वृत्तपत्रांत आणि स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत व तहसील कार्यालयात प्रसिद्ध करावी लागते. तिची माहिती ग्रामसभेला द्यावी लागते. बाजारभाव याच अधिसूचनेच्या तारखेचा धरतात आणि त्यानंतर त्या जमिनीच्या व्यवहारांवर बंधन येते. याच कलमाने जिल्हाधिकाऱ्यांवर आणखी एक कर्तव्य सोपविले आहे : पुढची घोषणा निघण्यापूर्वी संबंधित जमिनींचे अभिलेख दोन महिन्यांत अद्ययावत करणे. या तरतुदीचा उपयोग करून घेणे बरेचसे गावाच्या हाती आहे. वारसनोंदी, वाटण्या, विहिरी, झाडे यांची यादी ग्रामपंचायतीने या काळात पुढाकार घेऊन करविली, तर पुढील निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत.

मराठवाड्यात या कामाला काही खास पदर आहेत. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, हैदराबाद कूळ वहिवाट कायद्याखालील संरक्षित कुळांच्या नोंदी, इनाम जमिनी आणि भोगवटादार वर्ग दोनचे शेरे हे सारे सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात दडलेले असतात. रक्कम वाटपाची वेळ येते तेव्हा ते एकदम जागे होतात. हिश्श्याविषयी वाद उभा राहिला की पैसा प्राधिकरणाकडे जमा होतो आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो. आजोबांच्या नावावर राहिलेली जमीन, बहिणींची न लागलेली नावे आणि तोंडी वाटण्या ही तर घरोघरची गोष्ट. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच समान वाटा दिला आहे. तिचे नाव वगळून केलेला अर्ज पुढे अडतो. विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता यांना अधिनियमाने स्वतंत्र कुटुंब मानले आहे. ज्यांच्या नावावर जमीनच नाही, पण संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची उपजीविका मुख्यतः त्या जमिनीवर होती, असे मजूर आणि कुळे हीदेखील ‘बाधित कुटुंबे’ ठरू शकतात. सालगड्याचे नाव कोणत्याही दप्तरात नसते. ते पाहणीच्या वेळी सांगावे लागते, आणि ते सांगण्यास बहुधा पंचायत सदस्याखेरीज कोणी नसते.

सामाजिक आघात निर्धारणाचा अभ्यास हा २०१३ च्या अधिनियमाचा विशेष होता. प्रकल्पाने गावाचे काय होईल, हे जमीन घेण्यापूर्वी गावातच बसून ऐकून घेण्याची ती व्यवस्था. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट देता येईल असे केले. त्यामुळे कामे लवकर सुरू होतात, हे खरे आहे. परंतु गावाला बोलण्याची एक जागा कमी होते, हेही तितकेच खरे. अशा प्रकल्पांत हरकतीच्या साठ दिवसांचे मोल अर्थातच वाढते.

संयुक्त मोजणीच्या दिवशी खातेदाराने स्वतः हजर राहावे. मोजणीत गेलेले क्षेत्र, उरलेल्या तुकड्याचा आकार, त्याला वाट राहते की नाही, विहीर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला पडते की काय, हे तेथेच दाखवावे. जमिनीचे तुकडे पडल्यामुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई अधिनियमात आहे; पण ती मागितल्यावाचून निवाड्यात येत नाही. पंचनाम्याची प्रत घ्यावी. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नये. हे सांगावे लागते, कारण असे घडत आलेले आहे.

निवाडा आणि घड्याळ

कलम २१ च्या नोटिशीला दिलेले उत्तर हा खातेदाराचा पहिला लेखी दावा होय. त्यात क्षेत्र, जमिनीचा प्रकार, मालमत्ता, हितसंबंधी व्यक्ती आणि अपेक्षित रक्कम आधारासह लिहावी. ‘योग्य तो मोबदला मिळावा’ एवढ्या एका ओळीचा अर्ज दिला तर त्याला दावा म्हणणे कठीण आहे.

घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा व्हावा, अशी मर्यादा आहे. निवाड्याची रक्कम कमी वाटल्यास कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठविण्याची मागणी करता येते. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यास सहा आठवड्यांची मुदत असते. इतरांना नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. पुरेसे कारण दाखविल्यास जिल्हाधिकारी पुढील एक वर्षापर्यंत अर्ज स्वीकारू शकतात. परंतु कारण पटविण्याचा भार अर्जदारावर पडतो. जुन्या कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले होते की, निवाड्याची तारीख म्हणजे तो संबंधिताला कळला ती तारीख. फायलीतली सहीची तारीख आणि शेतकऱ्याच्या हाती नोटीस पडल्याची तारीख यांत अंतर असते, याची ती दखल होती. म्हणून नोटिशीवर पोहोच देताना सहीखाली तारीख घालण्याची सवय लावून घ्यावी. शिक्षकांनी प्रौढांना सही शिकविताना तारीख घालणेही शिकविले, तर तो मोठा उपकार होईल.

रक्कम स्वीकारावी की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रक्कम स्वीकारावी, मात्र ‘हरकत राखून’ किंवा ‘निषेध नोंदवून’ स्वीकारीत असल्याचे लेखी द्यावे. हरकत न नोंदविता रक्कम घेतली, तर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करण्याचा हक्क जातो. ही अट १८९४ च्या कायद्यात होती आणि २०१३ च्या अधिनियमातही कायम आहे. दोन शब्द लिहावयाचे राहून गेल्यामुळे पिढीजात जमिनीची किंमत कायमची ठरून जाते. पावतीच्या नमुन्यावर ही ओळ आधीच छापलेली असती तर बरे झाले असते. ती नसेल तेथे हाताने लिहावी.

थेट खरेदीच्या पद्धतीचा येथेच उल्लेख करावयास हवा. शासनाने २०१५ मध्ये वाटाघाटीने जमीन घेण्याची रीत घालून दिली आणि तीत पंचवीस टक्के अधिक रक्कम देऊ केली. समृद्धी महामार्गासाठी पुष्कळशी जमीन अशीच घेण्यात आली. पैसा लवकर मिळतो, हा तिचा गुण. पण संमतीने खरेदीखत करून दिल्यावर दर कमी होता म्हणून मागाहून दाद मागता येत नाही. म्हणजे या मार्गात नोंदी तपासण्याचे काम खतावर सही करण्यापूर्वीच पुरे झाले पाहिजे.

ज्याने मुदतीत अर्जच केला नाही, त्याच्यासाठी एक दार थोडे उघडे असते. त्याच अधिसूचनेतील दुसऱ्या खातेदाराला प्राधिकरणाकडून वाढीव मोबदला मिळाला, तर तो निर्णय झाल्यापासून तीन महिन्यांत इतरांना कलम ७३ खाली आपली रक्कम पुन्हा ठरवून मागता येते. १९८४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २८-अ चा हा वारसा. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या लहान शेतकऱ्यासाठी ती तरतूद झाली. पण शेजाऱ्याच्या प्रकरणाचा निकाल लागल्याचे त्याला कळणार कसे? निकाल लागला की त्या अधिसूचनेतील सर्व गटनंबरांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास काही खर्च येत नाही. प्राधिकरणाच्या निर्णयाची तारीख त्या यादीवर ठळक अक्षरांत असावी.

ताबा देण्यापूर्वी पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे, असे कलम ३८ सांगते. ताब्यापूर्वी रक्कम दिली नाही, तर पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि त्यानंतर पंधरा टक्के व्याज देय होते. या अधिनियमाखालील मोबदल्यावर, खाजगी खरेदीचा अपवाद वगळता, आयकर नाही. तरीही काही ठिकाणी कर कापला जातो. अशा वेळी कलम ९६ चा उल्लेख करून लेखी हरकत द्यावी.

जुन्या दुष्काळी रस्त्यांचा प्रश्न अजूनही मिटलेला नाही. रीतसर संपादन झाले की कमी-जास्त पत्रक तयार होऊन सातबारावरील क्षेत्र घटते. १९७२ च्या कामांत जेथे संपादनच झाले नाही, तेथे रस्त्याखालचे गुंठे शेतकऱ्याच्याच नावावर आहेत आणि तो त्यांचा शेतसाराही भरीत आला आहे. आज असा रस्ता रुंद करावयाचा झाला की मोजणीत सध्याची रुंदी शासनाची धरून फक्त नव्या पट्ट्याचा मोबदला काढण्याकडे कल असतो. म्हणून संयुक्त मोजणीपूर्वी त्या रस्त्याचा जुना निवाडा किंवा कमी-जास्त पत्रक आहे काय, याची भूमी अभिलेख कार्यालयाकडे लेखी चौकशी करावी आणि ते नसल्यास रस्त्याखालच्या क्षेत्राचीही मागणी कलम २१ च्या दाव्यात गटनंबरासह स्वतंत्रपणे लिहावी.